लिनक्स सर्व्हरचं हार्डनिंग आपोआप कसं करावं? नाशिकच्या लहान उद्योगांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबड-सातपूरचे कारखाने, दिंडोरी आणि पिंपळगाव बसवंतकडची द्राक्षांची पॅकहाउस, कॉलेज रोडवरचे क्लासेस, काही पतसंस्था. अशा ठिकाणचे लिनक्स सर्व्हर सांभाळताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, ते इथे उत्तरांसह लिहिले आहेत. उत्तरं मुख्यतः उबुंटू, डेबियन आणि रेड हॅट घराण्यातल्या सर्व्हरना धरून आहेत. वापरलेली बहुतेक साधनं फुकट आणि मुक्त आहेत.

हार्डनिंग म्हणजे नेमकं काय करतात?

द्राक्षबागायतदाराला हे समजावणं सोपं जातं. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी. वेलीवर काय ठेवायचं हे मनाशी पक्कं असेल तरच काय काढायचं ते कळतं. सर्व्हरचंही तसंच. हा सर्व्हर कशासाठी आहे हे आधी एका ओळीत लिहा: "यावर बिलिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याचा डेटाबेस चालतो, बाकी काही नाही." मग या ओळीत न बसणारी प्रत्येक गोष्ट छाटायची. न लागणाऱ्या सेवा बंद करायच्या, जुन्या कर्मचाऱ्यांची खाती काढायची, उघडे पोर्ट (बाहेरून जोडणीसाठीची दारं) मिटवायचे, फाइलींवरचे सैल हक्क आवळायचे, पासवर्डने होणारं लॉगिन थांबवायचं आणि कोण कधी आलं-गेलं याची नोंद नीट राहील असं बघायचं.

छाटणी दरवर्षी पुन्हा करावी लागते, तसं हेही पुन्हा पुन्हा करावं लागतं. म्हणूनच ते हातावर ठेवून चालत नाही.

आमचे दोन-तीनच सर्व्हर आहेत. हाताने केलं तर काय बिघडतं?

पहिल्या दिवशी काहीच बिघडत नाही. बिघडतं ते चौथ्या महिन्यात.

अंबडमधल्या एका कारखान्यात मी दोन सर्व्हर हाताने, चेकलिस्ट समोर धरून नीट करून दिले होते. पुढे सॉफ्टवेअरवाल्यांचा माणूस बाहेरून दुरुस्ती करायला आला. त्याच्याकडे की (पासवर्डऐवजी लॉगिनला चालणारी किल्लीची फाइल) नव्हती म्हणून त्याने पासवर्ड लॉगिन चालू केलं, काम झालं आणि तो गेला. सेटिंग तसंच राहिलं. दुसऱ्याच कशासाठी तरी मी लॉग (सर्व्हरच्या नोंदींच्या फाइली) उघडले, तेव्हा चार महिन्यांनी ते लक्षात आलं. त्या चार महिन्यांत जगभरातून हजारो वेळा त्या दारावर पासवर्ड आजमावले गेले होते. कोणी आत शिरलं नाही, कारण पासवर्ड लांब होता. पण माझी चेकलिस्ट कागदावर पूर्ण होती आणि सर्व्हरवर अपुरी, हे मला तोवर कळलं नव्हतं.

ऑटोमेशनची खरी किंमत इथे आहे. वेळ वाचतो हे खरं, पण दोन सर्व्हरमागे तो फारसा वाचत नाही. मोठा फायदा हा की सर्व्हर कसा असायला हवा हे एका फाइलमध्ये लिहिलेलं राहतं, आणि तो तसा आहे का हे रोज विचारता येतं.

नाशिकमधल्या छोट्या कारखान्यावर कोण हल्ला करणार?

तुमचं नाव माहीत असलेला माणूस बहुधा करणार नाही. पण आयपी व्ही४ चे, म्हणजे इंटरनेटवरच्या मशिनचे, पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. हल्लीच्या स्कॅनर प्रोग्रामना एखाद्या पोर्टसाठी ते सगळे पालथे घालायला फार वेळ लागत नाही. सार्वजनिक पत्त्यावर नवा सर्व्हर उभा केला की पहिल्याच दिवशी एसएसएचच्या (दुरून लॉगिन करायच्या सेवेच्या) लॉगमध्ये "रूट" (सर्वाधिकारी खातं), "अ‍ॅडमिन", "टेस्ट", "ओरॅकल" या नावांनी प्रयत्न दिसू लागतात. तुमच्या सर्व्हरवर पाहून खात्री करून घ्या. आत शिरलेल्याला तुमच्या हिशेबात रस नसला तरी तुमचा प्रोसेसर चालतो, क्रिप्टो मायनिंगसाठी. तुमचा पत्ता चालतो, दुसरीकडे हल्ला करण्यासाठी. आणि हिशेबाच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागता येते, ती वेगळीच.

सुरुवात कुठून करावी?

मोजण्यापासून. काहीही बदलण्याआधी सर्व्हर आज कसा आहे ते पाहा.

लायनिस हे छोटं साधन त्यासाठी उत्तम. ते फक्त तपासतं, काहीही बदलत नाही. शेवटी सूचनांची यादी आणि एक हार्डनिंग अंक देतं. त्या अंकाकडे बोर्डाच्या परीक्षेतल्या टक्क्यांसारखं बघू नका. ६५ चा सर्व्हर ८५ च्या सर्व्हरपेक्षा तुमच्या कामासाठी सुरक्षित असू शकतो. यादी मात्र ओळ न ओळ वाचा.

रेड हॅट घराण्यात ओपनस्कॅप आहे. सीआयएस म्हणजे सेंटर फॉर इंटरनेट सिक्युरिटीचे बेंचमार्क किंवा अमेरिकी संरक्षण खात्याचे स्टिग नियम यांच्याशी ते सर्व्हर ताडून पाहतं आणि वाचता येईल असा अहवाल काढतं. सीआयएसचे दोन स्तर असतात. पहिला बहुतेक कोणालाही चालतो. दुसरा जास्त कडक, आणि त्यात रोजचं काम अडण्याची शक्यताही जास्त. लहान उद्योगाला माझा सल्ला पहिल्या स्तराचाच.

बॅश स्क्रिप्ट पुरेशी नाही का? अ‍ॅन्सिबल कशाला शिकायचं?

बॅशची स्क्रिप्ट, म्हणजे लिनक्सच्या आज्ञांची यादी, एकदा चालवायला चांगली. दुसऱ्यांदा चालवली की पंचाईत होते. "ही ओळ फाइलच्या शेवटी जोड" असं स्क्रिप्टमध्ये असेल, तर पाच वेळा चालवल्यावर ती ओळ पाचदा येते. अ‍ॅन्सिबलमध्ये (बऱ्याच सर्व्हरची मांडणी एका जागेवरून लावणाऱ्या साधनात) आपण कृती लिहीत नाही, अवस्था लिहितो: "ही ओळ फाइलमध्ये असावी." असेल तर ते हात लावत नाही, नसेल तर घालतं. कितीदाही चालवा, निकाल तोच. हार्डनिंग रोज पुन्हा लावायचं असेल तर याखेरीज चालतच नाही.

दुसरं म्हणजे, अ‍ॅन्सिबलला सर्व्हरवर स्वतःचा एजंट (कायम चालणारा मदतनीस प्रोग्राम) लागत नाही. एसएसएच आणि पायथन असलं की झालं. २०१२ पासून ते वापरात आहे, २०१५ मध्ये रेड हॅटने घेतलं, आणि मदत हवी असली तर ते जाणणारी मुलं नाशिकमध्येच भेटतात. पपेट, सॉल्ट ही साधनंही समर्थ आहेत, पण पाच-दहा सर्व्हरसाठी त्यांचा पसारा मला जास्त वाटतो.

प्लेबुक, म्हणजे ही अवस्था लिहिलेली फाइल, गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवा. कोणी, कधी, कशासाठी बदल केला याची नोंद आपोआप राहते. पासवर्ड मात्र प्लेबुकमध्ये उघडे लिहू नका, त्यासाठी अ‍ॅन्सिबल व्हॉल्ट आहे.

तयार रोल (प्लेबुकमध्ये वापरायचे नियमांचे संच) मिळतात. तेच उचलून लावले तर?

मिळतात आणि चांगलेही आहेत. डेव्ह-सेकचा संच, अ‍ॅन्सिबल लॉकडाउनचे सीआयएस रोल, आणि उबुंटू प्रो घेतलं तर उबुंटू सिक्युरिटी गाइड. वैयक्तिक वापरासाठी पाच मशिनपर्यंत उबुंटू प्रो फुकट आहे. शिकण्यासाठी हे सगळं जरूर वापरा. पण शेकडो नियमांचा रोल न वाचता चालत्या सर्व्हरवर सोडू नका. नेमकं काय मोडतं याची माझ्या पाहण्यातली उदाहरणं देतो.

सर्व्हरने नेटवर्कचे पॅकेट पुढे पाठवू नयेत, असा एक नियम असतो. साध्या सर्व्हरवर तो योग्यच. डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या बंद डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) चालत असलेल्या सर्व्हरवर लावला की कंटेनरांचं बाहेरचं जग तुटतं.

टीएमपी या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमधून कोणताही प्रोग्राम चालू नये, असा दुसरा. हाही योग्य. पण काही सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर आधी तिथेच स्वतःला उलगडतात आणि तिथूनच चालतात. अपडेटच्या दिवशी ते गप्प अडकतात, आणि दोष अपडेटवर जातो.

तिसरं उदाहरण सगळ्यात फसवं. पासवर्डला मुदत लावण्याचा नियम. माणसांच्या खात्यांना ठीक आहे. पण रात्रीचा बॅकअप ज्या खात्याने चालतो त्यालाही ती मुदत लागली, तर मुदत संपल्यावर क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी सेवा) त्या खात्याचं काम चालवायला नकार देतं. स्क्रीनवर काहीच येत नाही. लॉगमध्ये एक ओळ पडते आणि बॅकअप थांबतो. एका ठिकाणी मला हे तीन आठवड्यांनी कळलं. तेव्हापासून माझ्या प्लेबुकमध्ये सेवांची खाती वेगळ्या यादीत असतात आणि मुदतीचा नियम त्या यादीला लागत नाही.

म्हणून माझा नियम असा: जो नियम का आहे हे मला शेजारी बसलेल्या माणसाला दोन वाक्यांत सांगता येत नाही, तो मी लावत नाही. आधी समजून घेतो. वगळायचा ठरला तर का वगळला हे त्याच फाइलमध्ये मराठीत लिहून ठेवतो. सहा महिन्यांनी ती टीप वाचणारे बहुतेक वेळा आपणच असतो.

हार्डनिंग करताना स्वतःच बाहेर अडकलो तर?

ही भीती रास्त आहे, आणि सिन्नरच्या कारखान्यातला सर्व्हर अडकला तर रात्री गाडी काढून जावं लागतं. म्हणून या उत्तराला जरा जास्त जागा देतो.

पहिली गोष्ट, आत जायची दुसरी वाट आधी तपासा. क्लाउडवर असेल तर कन्सोल, कारखान्यात असेल तर सर्व्हरजवळ मॉनिटर-कीबोर्ड आणि तिथल्या कोणाचा तरी फोन नंबर. त्या वाटेने खरंच लॉगिन होतं का हे त्याच दिवशी करून पाहा.

दुसरी, एसएसएचची कॉन्फिग बदलल्यावर सेवा रीस्टार्ट करण्याआधी "एसएसएचडी" (एसएसएचचा सर्व्हरवरचा प्रोग्राम) ही आज्ञा लहान टी पर्यायासह चालवा. चूक असेल तर ती सांगते. अ‍ॅन्सिबलमध्ये फाइल लिहिणाऱ्या टास्कला "व्हॅलिडेट" जोडता येतं. तपासणी नापास झाली तर नवी फाइल जागेवर जातच नाही. हे मी कधीच वगळत नाही.

तिसरी, मोठा टी पर्याय. तो सध्याच्या फाइलींनुसार प्रत्यक्ष लागू होणारी सेटिंग दाखवतो, आणि इथे बरेच जण फसतात. एसएसएचडी एकच सेटिंग दोनदा भेटलं तर पहिलं धरतो. उबुंटूच्या मुख्य फाइलमध्ये अगदी वरच वेगळ्या फोल्डरमधल्या तुकड्यांना आत घेणारी ओळ असते. क्लाउडवरच्या सर्व्हरवर त्या फोल्डरमध्ये क्लाउड-इनिटने (नव्या सर्व्हरची पहिली मांडणी करणाऱ्या प्रोग्रामने) ठेवलेली, पासवर्ड लॉगिन चालू ठेवणारी फाइल असू शकते. तुम्ही मुख्य फाइलमध्ये खाली "नो" लिहिता, प्लेबुक हिरवं, म्हणजे यशस्वी, दिसतं, आणि दार उघडंच राहतं. म्हणून मी माझी सेटिंग त्याच फोल्डरमध्ये शून्यापासून सुरू होणाऱ्या नावाच्या फाइलमध्ये ठेवतो, म्हणजे ती आधी वाचली जाते. शेवटी मोठ्या टीचा निकाल प्लेबुककडूनच तपासून घेतो.

चौथी गोष्ट मला अनुभवाने कळली. अ‍ॅन्सिबल वेग वाढवण्यासाठी एकदा जोडलेलं एसएसएच कनेक्शन काही काळ उघडं ठेवून तेच वापरतं. त्यामुळे नवं लॉगिन पूर्ण बंद झालेलं असलं तरी जुन्या जोडणीवरून पुढचे टास्क छान पार पडतात. सगळं हिरवं दिसलं, मी लॅपटॉप मिटला, आणि सकाळी कोणालाच आत जाता येईना. परवानगी असलेल्या गटांच्या यादीत मी त्या सर्व्हरवरचा गट लिहायला विसरलो होतो. आता एसएसएचचे बदल झाल्यावर प्लेबुक जोडणी मुद्दाम तोडतं आणि नव्याने जोडून पाहतं. हाताने काम करत असाल तर आधीची खिडकी उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीतून नवं लॉगिन करा, मगच पहिली बंद करा.

पाचवी, फायरवॉल बदलताना परतीचा गजर लावा. दहा मिनिटांनी जुने नियम परत आणणारं काम सिस्टमडी (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) याच्या टायमरवर आधी नेमायचं, मग नवे नियम लावायचे. आत जाता आलं तर टायमर रद्द करायचा. नाही आलं तर दहा मिनिटं चहा घ्या, दार आपोआप उघडतं.

आणि सगळ्या सर्व्हरवर एकदम कधीच नाही. अ‍ॅन्सिबलला "एका वेळी एकच" असं सांगता येतं. पहिला बिघडला की काम तिथेच थांबतं आणि बाकीचे वाचतात.

कोरडी चाचणी, म्हणजे चेक मोड, भरवशाचा आहे का?

बराचसा. काय बदलेल ते ओळीनिशी दाखवतो. पण शेल किंवा कमांड वापरून लिहिलेले टास्क चेक मोडमध्ये वगळले जातात, त्यामुळे त्यांच्यावर अवलंबून असलेलं चित्र अर्धवट दिसतं. जिथे तयार मॉड्यूल आहे तिथे शेल वापरू नका, हे त्याचंही एक कारण.

एसएसएचचं पोर्ट बदलावं का?

लॉगमधला गोंगाट कमी होतो, तेवढाच फायदा. बदललंच तर रेड हॅट घराण्यात एसइलिनक्सला (प्रोग्रामना मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेला) नवं पोर्ट कळवावं लागतं. उबुंटू २४.०४ मध्ये एसएसएच सॉकेटवरून (जोडणी आली की मगच) सुरू होतं, त्यामुळे सिस्टमडी रीलोड करून सॉकेट रीस्टार्ट केल्याशिवाय बदल लागू होत नाही. मी पोर्ट २२ च ठेवतो आणि ते इंटरनेटवर उघडं ठेवत नाही.

म्हणजे की वापरली तरी एसएसएच इंटरनेटवर ठेवू नये?

शक्य असेल तर नाही. २०२४ ची दोन उदाहरणं पाहा. २९ मार्चला आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरने एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत (अनेक प्रोग्राम वापरतात अशा सामाईक कोडमध्ये) पेरलेलं चोरदार उघड केलं. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा माग काढताना त्याला ते सापडलं. लिनक्सच्या मुख्य वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांत ते पोहोचण्याआधी थांबलं. मग १ जुलैला ओपनएसएसएचमधली "रिग्रेशन" नावाने ओळखली जाणारी त्रुटी जाहीर झाली. २००६ मध्ये बुजवलेलं भोक नंतरच्या एका बदलात पुन्हा उघडलं होतं. या दोन्हींत हल्लेखोराला तुमचा पासवर्ड किंवा की लागत नव्हती. दारापर्यंत पोहोचणं पुरेसं होतं.

म्हणून दारापर्यंतची वाटच बंद ठेवावी. वायरगार्ड (दोन मशिनांमधला एन्क्रिप्टेड खाजगी बोगदा) २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे. त्याची मांडणी छोटी आहे आणि प्लेबुकने ती पाच मिनिटांत लागते. एसएसएच फक्त त्या बोगद्यातून. सॉफ्टवेअरवाल्यांच्या माणसालाही त्याची स्वतःची की द्या आणि काम संपलं की प्लेबुकमधून त्याचं नाव काढा. अंबडच्या त्या कारखान्यात आता असंच चालतं.

मग फेल२बॅन लागत नाही?

पुन्हा पुन्हा चुकीचा पासवर्ड देणाऱ्यांना अडवणारं हे साधन वेबसाइटच्या किंवा मेलच्या लॉगिनसाठी उपयोगी आहे. एसएसएच बोगद्यामागे असेल आणि पासवर्ड बंद असेल, तर त्याच्यासाठी फारसं काम उरत नाही.

फायरवॉल लावली आहे, तरी डेटाबेसचं पोर्ट बाहेरून उघडं दिसतं. असं कसं?

डॉकर वापरता का? डॉकरने बाहेर काढलेली पोर्ट यूएफडब्ल्यूच्या (उबुंटूच्या फायरवॉलच्या) नियमांना वळसा घालून जातात, कारण डॉकर स्वतःचे नियम आधीच्या टप्प्यावर घालतो. यूएफडब्ल्यू बंद दाखवतं, पोर्ट उघडं असतं. कंटेनरचं पोर्ट फक्त १२७.०.०.१ या सर्व्हरच्या आतल्याच पत्त्याला बांधा. आणि फायरवॉलची परीक्षा नेहमी बाहेरून, दुसऱ्या मशिनवरून एनमॅप या पोर्ट तपासणाऱ्या साधनाने घ्या. सर्व्हरच्या आत बसून फायरवॉलला विचारलेलं उत्तर पुरेसं नाही.

सॉफ्टवेअरवाले सांगतात एसइलिनक्स बंद करा. करावं का?

करू नका. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने २००० साली खुली केलेली आणि २००३ मध्ये मुख्य कर्नलमध्ये आलेली ही यंत्रणा, वेबसाइटमधून कोणी आत शिरला तरी त्याला वेब सर्व्हरच्या अंगणातच अडवून धरते. बंद करण्याची गरज वाटते ती बहुधा दोन कारणांनी. एक, फाइली होम फोल्डरमधून वेबच्या फोल्डरमध्ये "हलवल्या" जातात आणि त्यांचं जुनं लेबल तसंच राहतं. त्याला रिस्टोरकॉन ही एक आज्ञा पुरते. दुसरं, वेब सर्व्हरला नेटवर्कवरच्या डेटाबेसशी बोलायचं असतं आणि तशी परवानगी देणारं बूलियन (चालू-बंद सेटिंग) बंद असतं. ते चालू करायचं. याहून अवघड प्रकरण असेल तर आठवडाभर परमिसिव्ह (न अडवता फक्त नोंद ठेवणाऱ्या) मोडमध्ये ठेवा, लॉग वाचा, हवे ते नियम जोडा आणि पुन्हा एन्फोर्सिंग करा. हे सगळं प्लेबुकमध्ये लिहिता येतं. उबुंटूवर हेच काम अ‍ॅपआर्मर करतं.

पॅच आपोआप लागू द्यावेत का? ऐन हंगामात सर्व्हर बंद पडला तर?

सुरक्षेचे पॅच, म्हणजे भोकं बुजवणाऱ्या दुरुस्त्या, आपोआप लागू द्या. उबुंटूवर अनअटेंडेड-अपग्रेड्स मुळात फक्त सुरक्षेचेच पॅच लावतं आणि स्वतःहून रीस्टार्ट करत नाही. रेड हॅटवर डीएनएफ-ऑटोमॅटिक आहे, त्याला "फक्त सुरक्षा" असं सांगावं लागतं.

पॅच लागला म्हणजे भोक बुजलं असं मात्र नाही. लायब्ररी डिस्कवर नवी आली तरी चालू सेवा मेमरीतली जुनीच वापरत राहते, आणि कर्नल तर रीस्टार्टशिवाय बदलतच नाही. नीडरिस्टार्ट हे साधन कोणत्या सेवा जुन्यावर चालल्या आहेत ते सांगतं. प्लेबुक तो अहवाल रोज मागवतं.

रीस्टार्टची वेळ आपल्या धंद्याच्या घड्याळावर ठरवा. द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये जानेवारी ते एप्रिल मालाचे कंटेनर भरायची धावपळ असते, दिवसा सर्व्हरला हात लावायचा नाही. तिथे आमचं ठरलेलं आहे: हंगामात दर रविवारी पहाटे चार वाजता, लोडिंग नाही याची खात्री करून. मोठे बदल, म्हणजे आवृत्ती बदलणं किंवा नवे नियम, ते मे महिन्यात. पण हंगाम आहे म्हणून चार महिने रीस्टार्टच नाही, हे मी मान्य करत नाही. जानेवारी २०२१ मध्ये सुडो या जादा हक्क देणाऱ्या आज्ञेतली त्रुटी जाहीर झाली. ती २०११ पासून कोडमध्ये होती आणि साध्या वापरकर्त्याला थेट रूट करत होती. दहा वर्षं ती लपून होती, पण जाहीर झाल्यावर ती वापरायला शिकायला लोकांना दहा दिवसही लागले नाहीत.

आमचा सर्व्हर सेंटओएस ७ वर आहे. त्यावर हार्डनिंग चालेल?

३० जून २०२४ ला त्याचा आधार संपला. अल्मा किंवा रॉकी या रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर जा. तोवर त्याला इंटरनेटपासून तोडून ठेवा. पॅच न येणाऱ्या सर्व्हरवर बाकीचे नियम लावण्यात वेळ घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लॉग किती दिवस ठेवायचे?

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश कंपन्यांना आणि संस्थांना लागू आहेत. लॉग १८० दिवस, भारताच्या हद्दीत. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची. घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी, किंवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी जुळवलेली.

आता तुमच्या सर्व्हरवर लॉगरोटेट या जुने लॉग हटवणाऱ्या साधनाचं मूळ सेटिंग पाहा. बहुतेक ठिकाणी ते दर आठवड्याला नवी फाइल आणि चार जुन्या फाइली असं असतं, म्हणजे जेमतेम महिनाभर. कोणी हात लावला नसेल तर १८० दिवस तुमच्याकडे नाहीतच. प्लेबुकमध्ये ही एक ओळ बदलायची आहे. काही सर्व्हरवर जर्नल (सिस्टमडीचा लॉग) फक्त मेमरीत राहतो आणि रीस्टार्टला पुसला जातो, तेही बदला. आणि लॉगची एक प्रत लगेच दुसऱ्या मशिनवर जाऊ द्या, कारण आत शिरलेला माणूस आधी पायांचे ठसे पुसतो. पतसंस्थांनी हे विशेष मनावर घ्यावं. सभासदांची माहिती तुमच्याकडे विश्वासाने ठेवलेली असते, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

सगळं लावलं होतं, वीज गेली आणि आल्यावर नियम गायब. का?

वळवाचा पाऊस सुरू झाला की मे महिन्यात हा प्रश्न हमखास येतो. यूपीएसची बॅटरी संपते, सर्व्हर बसतो, उठतो, आणि फायरवॉल मोकळी दिसते. आयपीटेबल्स किंवा एनएफटी आज्ञेने लावलेले नियम फक्त चालू कर्नलमध्ये असतात. ते फाइलमध्ये साठवून सुरुवातीलाच वाचले जातील अशी सेवा चालू असावी लागते. सिसकंट्रोलने बदललेल्या कर्नलच्या सेटिंगचंही तसंच, त्यांची फाइल हवी.

माझा उपाय साधा आहे. हार्डनिंग झाल्यावर, मी समोर असताना, सर्व्हर मुद्दाम रीस्टार्ट करायचा आणि तपासणी पुन्हा चालवायची. रीस्टार्टनंतरचा अहवाल आधीच्यासारखा नसेल तर काम झालेलं नाही. ग्राहकाला बिल त्यानंतर.

रोज रात्री प्लेबुकने दुरुस्ती आपोआप करावी, की फक्त कळवावं?

यावर दोन मतं आहेत. मोठ्या ठिकाणी आपोआप दुरुस्त करतात. लहान उद्योगात मी रात्री फक्त चेक मोड चालवतो आणि फरक असेल तरच मेल येईल असं ठेवतो. कारण फरक म्हणजे कोणीतरी काहीतरी केलं आहे, आणि का केलं हे मला त्या माणसाला विचारायचं असतं. गुपचूप उलटवलं तर तो उद्या पुन्हा करेल, कदाचित मला दिसणार नाही अशा जागी. अपवाद तीन: पासवर्ड लॉगिन, रूट लॉगिन आणि फायरवॉल. हे तीन बदललेले दिसले तर आधी दुरुस्ती, मग फोन.

रोज "सर्व ठीक" असा मेल मात्र पाठवू नका. पंधरा दिवसांनी तो कोणी उघडत नाही. त्याऐवजी सोमवारी एकच मेल येऊ द्या, सर्व्हरच्या नावांसह. तो आला नाही तर तपासणीच बंद पडली आहे हे कळतं.

अ‍ॅन्सिबल ज्या मशिनवरून चालतं ते किती सुरक्षित हवं?

सगळ्यात जास्त. त्या एका मशिनवर सगळ्या घरांच्या किल्ल्या आहेत. तो रोजचा लॅपटॉप असेल तर डिस्क लक्स या लिनक्सच्या साधनाने एन्क्रिप्ट करा, कीला पासफ्रेज लावा, जमलं तर हार्डवेअर की वापरा. पंचवटी एक्सप्रेसमध्ये विसरलेल्या बॅगेबरोबर दहा ग्राहकांचे सर्व्हर जायला नकोत. सर्व्हर राउटरच्या मागे असेल आणि बाहेरून पोहोचता येत नसेल तर अ‍ॅन्सिबल-पुल वापरा. सर्व्हर स्वतःच गिटमधून प्लेबुक ओढून घेतो, आत येण्याची वाट उघडावी लागत नाही. पण मग त्या गिटमध्ये लिहिण्याचा हक्क कोणाला आहे, याची तेवढीच काळजी घ्या.

मी विद्यार्थी आहे. सरावाला सर्व्हर कुठून आणू?

तुमच्या लॅपटॉपमध्ये आठ जीबी रॅम असेल तर विकत काही घ्यायला नको. केव्हीएम किंवा व्हर्च्युअलबॉक्सवर दोन व्हर्च्युअल मशिन उभ्या करा, एक उबुंटू, एक रॉकी. दोन्हींचे स्नॅपशॉट घ्या. लायनिस चालवून अहवाल जपून ठेवा. मग प्लेबुक लिहा, पण एका बैठकीत एकच विषय: आज फक्त एसएसएच, उद्या फक्त फायरवॉल. प्रत्येक विषयानंतर रीस्टार्ट, पुन्हा लायनिस, आणि दोन अहवालांतला फरक वहीत लिहा. स्वतःला एकदा मुद्दाम बाहेर अडकवा आणि कन्सोलवरून परत आत या. स्नॅपशॉट असल्यामुळे काही गमावत नाही. आणि गिटची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा, कारण मुलाखतीला आलेल्याकडून मी प्रमाणपत्राच्या आधी तीच मागतो.